बिनदाव्याचा हल्या

दिवाळीच्या पाडव्याला गवळी गल्लीतला मानाचा हल्या बिनदाव्याचा निघतो. हल्या म्हंजी रेडा. त्याच्या नाकात येसन न्हाई, गळ्यात दावं न्हाई, पाठीवर कुनाचा हात न्हाई. धनी म्होरं चालनार आनि हल्या त्याच्या मागं. महादेवाच्या देवळापासून लातूरच्या गंजगोलाईच्या चौकापत्तूर धन्यानं मागं वळून बघायचं न्हाई, असा दस्तूर. हाळी द्यायची आनि चालायचं. जनावर येतंय का न्हाई ते कानानं वळखायचं. धनी वळला की मान गेला. दावं लावलं तरी गेला. मग तो हल्या सगळ्याच्या शेवटी, डीजेच्या गाडीच्याबी मागं, आनि मान दुसऱ्याच्या दारात.

मडिवाळप्पाच्या दारात हा मान आज्यापासून व्हता. आजा गेला, बाप गेला, हल्ये किती बदलले, पन मान कुठं गेला न्हाई. आनि औंदाच्या पाडव्याला तर लेक सुकन्या तान्ह्या लेकराला घेऊन माहेराला आलेली, आनि तिच्यासंगं उदगीरची ईनबाई, म्हंजी तिची सासू, पहिल्यांदाच हल्ये बघायला आलेली. अशा वक्ताला मान जाऊन कसं चालंल.

पन मडिवाळप्पाला एकट्याला ठाव व्हतं की त्याच्या हल्याचा, नबाबाचा, काळा रंग नबाबाचा न्हाई.

झालं असं की उन्हाळ्यात नबाबाला ताप भरला. चाकूरच्या डाक्टरानं सुया टोचल्या, ताप उतरला, पन कातड्याचा रंग जो उडाला तो काही परत आला न्हाई. पाठीवर, खांद्याच्या फऱ्यावर, मांडीवर निरा भुरा पडला, पत्र्यावर गंज चढतो तसा. मडिवाळप्पानं त्याला सरकी चारली, उडदाची चुनी चारली, रोज करडीचं तेल चोळून चोळून स्वतःचे खांदे उतरवून घेतले. रंग काही येईना. आनि दस्तूर तर कडक. शिंगं रंगवा, कपाळाला कुंकू फासा, मोरपिसं बांधा, कवड्याचा पट्टा घाला, कोन काही म्हननार न्हाई. पन अंगाचा काळा रंग खुराकाचा आनि तेलाचाच पायजे. अंगाला रंग लावला तर मान गेला.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मडिवाळप्पा व्यंकटीच्या किराना दुकानात गेला.

"केस काळे करायची पुडी दे."

व्यंकटीनं पयलं त्याच्या डोक्याकडं बघितलं. तिथं केस नावाला न्हाई, निस्ता चकचकीत माळ. "कुठं लावता अप्पा?"

"तुला काय करायचंय. खोकं दे."

"सारं खोकं? अप्पा, ईनबाई आल्यात मनून ऐकलं. दाढी काळी करता का काय?"

"दे म्हनलं की दे गपगुमान."

व्यंकटीनं खोकं दिलं आनि हसत हसत म्हनला, "अर्ध्या तासानं धुवा बरं का. न्हाईतर आग व्हती. आमच्या साडूचं तोंड भोपळ्यावानी सुजलं व्हतं."

हे मडिवाळप्पानं ऐकलं. ऐकलं न्हाई असं न्हाई. पन पहाटं गोठ्याचं दार लावून घमेल्यात ती पावडर कालवली, ब्रशानं नबाबाच्या अंगावर फासली, आनि नबाब असा काळाभोर दिसायला लागला की मडिवाळप्पाला त्याचा बाप आठवला. धुवायचं म्हनून बादली उचलली. मग हात थांबला. त्याला वाटलं, धुतलं की जाईल. आता कुठं चढलंय, कशाला पान्यात घालवायचं. आनि पुडीवर बारीक अक्षरात काय लिव्हलंय ते वाचायला डोळे पायजेत आनि धीर पायजे, दोन्ही नव्हते. त्यानं बादली ठेवली, सुकू दिलं, आनि वरनं करडीचं तेल चोळलं. झाक सूर्यावानी मारायला लागली.

बायको केवळाबाई चहा घेऊन आली तर ह्याचे हात कोपरापत्तूर काळे.

"हात कशानं काळे झाले?"

"मोटारसायकलची चैन उतरली व्हती."

"गोठ्यात?"

मडिवाळप्पानं चहा पिला. केवळाबाई नबाबाकडं एकदा बघून कप घेऊन गेली.

दुपारी देवळाम्होरं सारी गल्ली गोळा झाली. दिवाळीचं ऊन, पन ऊन कसलं, चैताला लाजवंल असं. हलगीवाले हलगी शेकून घेऊ लागले. पोरी नव्या साड्या सावरत ओट्यावर बसल्या. कुनी चिवडा खात, कुनी मोबाईल वर धरून. सजवलेले हल्ये वळीनं हुभे, शिंगं लाल, पिवळी, हिरवी, घुंगराचा आवाज असा की मानूस बाजूला हुभा राहून बोलला तरी वरडून बोलावं लागतं.

पंच व्हते चन्नबसप्पा. गल्लीतलं सगळ्यात जुनं खोड. पागोटं बांधलेलं, हातात काठी, एका डोळ्याचं आपरेशन झालेलं. ते मानाच्या हल्याच्या अंगावर तळहात फिरवून बघायचे, बाकीच्यावर निस्ती नजर. नबाबाजवळ आले आनि हात वर उचलला.

तेलासंगं काळं त्यांच्या हाताला लागनार, आनि हाताला लागलं की झालं. तेवढ्यात नबाबानं मान झटकली, शिंग म्हाताऱ्याच्या पागोट्याला घासून गेलं. चन्नबसप्पानं हात मागं घेतला आनि त्याच्या कपाळावरच्या कुंकवावर दोन बोटं टेकवली.

"तयारीत हाय," ते म्हनले. "गेल्या सालापरीस काळा दिसतोय, मडिवाळ."

"खुराक हाय काका."

मागं शिवमूर्ती हुभा व्हता, त्याचा बादल नावाचा हल्या घेऊन. शिवमूर्ती मडिवाळप्पाचा चुलतभाऊ. दरसाली दुसरा नंबर, दरसाली दावं हातात धरून मागं चालनार, आनि दरसाली डोळा पयल्या नंबरावर.

"कसला खुराक चारलास रं?" शिवमूर्ती म्हनला. "सांग की. आमच्या बादल्यालाबी चारतो."

"तू स्वतः खा आधी. हाडं दिसायलीत."

लोक हसले. मडिवाळप्पाबी हसला. पन त्याला दिसलं, नबाबाच्या पोटावरचं कातडं थरथरायलंय. माशी बसल्यावर थरथरतं तसं. माशी नव्हती.

त्यानं पाठ फिरवली. महादेवाला हात जोडले. नारळ फुटला आनि तो चालायला लागला.

"हेऽऽ नबाबाऽ, चल राजाऽ."

मागनं घुंगरू वाजलं. झन्न, झन्न, झन्न, झन्न. चार पायाचं चार ठेक्याचं चालनं. मडिवाळप्पाला तो ठेका झोपेतबी वळखू यायचा. तो थोडा निवांत झाला. रस्त्याच्या दोन्ही कडंला मानसंच मानसं. गच्चीवर मानसं, दुकानाच्या पायरीवर मानसं, लेकरं बापाच्या खांद्यावर. कुनी नबाबावर झेंडूची फुलं टाकायलंय, कुनी वरडतंय, "अप्पा, आवाज चढवा की." त्यानं चढवला. हलगी घुमली. ह्या एका दिवसासाठी मानूस साल काढतो. इतर दिवशी मडिवाळप्पा म्हंजी दूध घालनारा, फाटक वाजवनारा, पानी घातलंय का म्हनून बोलनी खानारा. आज त्याच्या म्होरं रस्ता आपोआप मोकळा व्हत व्हता.

मारवाडी गल्लीच्या तोंडाशी घुंगराचा ठेका चुकला.

झन्न, झन्न, झझन्न. मग थांबला. मडिवाळप्पाची पाठ ताठ झाली. वळायचं न्हाई. त्यानं हाळी दिली. "हेऽऽ नबाबाऽ." काही न्हाई. मग एक आवाज आला, लोखंडावर काहीतरी जड घासल्यावानी, आनि मानसं हसली.

"खांबाला अंग घासायलाय," कुनीतरी म्हनलं. "मस्ती बघा त्याची."

"चल राजाऽ, चल माझ्या वाघाऽ."

घुंगरू परत चालू झालं. पन आता ते चालन्याचं घुंगरू नव्हतं. दोन पावलं चालायचं, मग अंग झटकायचं. दोन पावलं, मग झटका. मडिवाळप्पाच्या मानंवर गरम वाफ आली, नबाब नेहमीपरीस लई जवळ आला व्हता. फुरफुरत व्हता. त्या फुरफुरन्यात राग हाय का दुखनं हाय, ते वळून बघितल्याबिगर कळनार न्हाई. आनि वळायचं तर न्हाई.

मडिवाळप्पाच्या स्वतःच्या हाताला सकाळधरनं आग व्हत व्हती. मनगटाशी लाल चट्टे आले व्हते. त्यानं ते सदऱ्याच्या बाहीत लपवले व्हते. आता चालता चालता त्याच्या डोक्यात आलं, माझं निस्तं मनगट इतकं जळायलंय. ह्याचं सारं अंग हाय. आनि वरनं हे ऊन.

"मडिवाळ," मागनं शिवमूर्तीचा आवाज आला. "थांब जरा. तुझा हल्या बरोबर चालंना."

"तू तुझ्या हल्याकडं बघ."

"अरे त्यानं केळाचा गाडा पाडला. तोंडाला फेस आलाय त्याच्या."

"मस्तीला आलाय. चालनार तो."

"मस्ती न्हाई ही. गवळ्याचा हाईस ना तू? वळून बघ."

मडिवाळप्पाला वाटलं, हाच डाव हाय ह्याचा. मी वळलो की ह्याच्या घरात मान. त्यानं दात आवळले आनि पाऊल उचललं. "हेऽऽ नबाबाऽ." हाळी देताना आवाज फाटला.

गंजगोलाई जवळ आली. गोलाईच्या तोंडाशी दोन्ही बाजूनं बांबू बांधलेले, मधी एक गाडी जाईल एवढी वाट. त्या वाटंत बायका आरतीची ताटं घेऊन हुभ्या राहतात. हल्या मधून जातो, बायका ववाळतात. आनि पयली आरती मानकऱ्याच्या लेकीची. बांबूच्या पयल्या खुट्याजवळ सुकन्या हुभी. जांभळी साडी, एका हातात ताट, दिवा पेटलेला, दुसऱ्या कडंला लेकरू. लेकरानं तिच्या गळ्यातल्या मन्याला धरलेलं. शेजारी ईनबाई, पदर डोक्यावरनं घट्ट वढलेला, बघायलेली.

"अप्पा आले," सुकन्या ईनबाईला म्हनली. तिच्या ओठावरनं कळलं, आवाज ऐकू आला न्हाई. कारन तिथंच कोपऱ्यावर, मिरवनुकीच्या शेवटी लागायला थांबलेल्या डीजेवाल्यानं बटन दाबलं आनि सारा रस्ता हादरला.

त्या आवाजात मडिवाळप्पाला घुंगरू ऐकू येईना.

आज्यापासून जो कान चालत आला तो कान बंद पडला. मागं पंधरा मनाचं जनावर, नाकात येसन न्हाई, अंगाची आग व्हतेय, म्होरं बांबूच्या गल्लीत पेटलेले दिवे घेऊन बायका, पयली आपली लेक, तिच्या कडंवर तान्हं लेकरू. आनि ह्याला मागचं काही ऐकू येत न्हाई. निस्ती मानंवरची वाफ. आनि ती वाफबी मधीच गायब झाली.

मडिवाळप्पा वळला.

सगळ्या रस्त्यानं बघितलं तो वळलेला. पन मडिवाळप्पाला रस्ता दिसला न्हाई. त्याला नबाबाचा डोळा दिसला. डोळ्याचं पांढरं वर आलेलं. मान खाली घातलेली, शिंगं म्होरं, म्होरला पाय डांबरावर घासायलेला. फऱ्यावरचं कातडं फुगलेलं, तिथं तेलातून पानी झिरपत व्हतं. मोरपिसं घासून घासून मोडलेली. तोंडातनं फेसाची तार लोंबत व्हती. तो मडिवाळप्पाकडं बघत नव्हता. बांबूच्या वाटंकडं बघत व्हता, कारन ती एकच मोकळी वाट व्हती.

"डीजे बंद कर," मडिवाळप्पा म्हनला. कुनी ऐकलं न्हाई. त्यानं दोन्ही हात वर केले आनि नबाबाच्या आनि वाटंच्या मधी जाऊन हुभा राह्यला. "सुकन्या, मागं हो. समद्या मागं व्हा."

सुकन्याला ऐकू गेलं न्हाई, पन बापाचा चेहरा तिनं बघितला. ताट खाली ठेवून तिनं लेकरू छातीशी धरलं आनि ईनबाईला वढत दुकानाच्या पायरीवर चढली. बाकीच्या बायकाबी पांगल्या, एकीचं ताट पडलं, दिवा इझला.

तिथंच चार हातावर पान्याचं टँकर हुभं व्हतं. लातूरमधी कुठलाबी कार्यक्रम म्हनला की टँकर असतंच. मंडळानं लोकांच्या पिन्यासाठी आनलेलं. वर मारोती बसलेला, ड्रायव्हर, पाय लोंबकळत सोडून.

"मारोती, पाइप सोड," मडिवाळप्पा वरडला. नबाबावरची नजर त्यानं काढली न्हाई.

"अप्पा, पिन्याचं पानी हाय. फिल्टरचं."

"सोड म्हनतो ना."

मारोतीनं खाली उडी मारली, पाइप त्याच्याकडं फेकला आनि चावीला हात घातला. पाइप हातात आला आनि मडिवाळप्पाचा हात एकदा थांबला. पानी पडलं की काय निघनार हे त्याला ठाव व्हतं. मान तर गेलाच व्हता, वळला तेव्हाच. पन वळलेला मानूस घाबरला म्हनून सुटतो. रंगवलेला हल्या मानाला चालवला, ते कोन सोडनार. सारं लातूर मोबाईल वर धरून हुभं. आनि ईनबाई पायरीवर.

नबाबानं घशातनं आवाज काढला. हल्याचा वरडा नव्हता तो. रेडकाचा व्हता.

"चावी सोड," मडिवाळप्पा म्हनला, आनि पाइप नबाबाच्या पाठीवर धरला.

पानी पडलं तसा नबाब दचकला, एक पाऊल म्होरं आला, शिंग मडिवाळप्पाच्या बरगडीला लागलं. मडिवाळप्पा हलला न्हाई. "थांब राजा. थांब माझ्या बाबा. थांब." त्यानं पानी फऱ्यावर नेलं, मांडीवर नेलं, पोटाखाली नेलं. एका हातानं पाइप, दुसऱ्या हातानं चोळत राह्यला. आनि नबाबाच्या अंगावरनं काळं निघालं. पयले वघळ, मग धार, मग पायाखाली शाईचं डबकं. काळं पानी डांबरावरनं वाहत बायकांनी काढलेल्या रांगोळीत गेलं. रोजच्या तेलानं काळं केसात मुरलंच नव्हतं, त्याच्याखालनं भुरं निघालं. कुठं काळं, कुठं भुरं, कुठं लाल चट्टे.

कुनीतरी डीजे बंद केला. ते बंद व्हायला नको व्हतं, कारन आता सगळं ऐकू यायला लागलं.

"आरं, रंग निघायला," एक पोरगी म्हनली.

मग एकजन हसला, मग चारजन, मग सारा रस्ता. "अप्पा, व्यंकटीचं खोकं ते हेच का?" कुनीतरी इचारलं, आनि हसू अजून वाढलं. मडिवाळप्पानं मान वर केली न्हाई. तो धूत राह्यला. नबाबाचं पोट हळूहळू थरथरायचं थांबलं. डोळ्याचं पांढरं खाली गेलं. त्यानं मान लांब करून पाइपाच्या धारंला जीभ लावली आनि फिल्टरचं पानी प्यायला लागला.

चन्नबसप्पा काठी टेकत आले. डबक्याकडं बघितलं. मडिवाळप्पाकडं बघितलं.

"खुराक," ते म्हनले.

मडिवाळप्पानं पाइप नबाबाच्या पायाकडं धरला.

"तुझ्या बापानं, हल्या आजारी असता तर, एक साल मान सोडला असता. घरात बसला असता. रंग न्हाई लावला असता."

"हाव काका."

"दावं लाव. शेवटी जा." मग ते मागं वळले. "शिवमूर्ती, बादल्याचं दावं काढ. म्होरं हो."

शिवमूर्ती तयारच व्हता. छाती फुगवून बादलला घेऊन म्होरं आला, आनि लोकांना ऐकू जाईल असा म्हनला, "मी बोललोच व्हतो. मान अंगात असावा लागतो. पुडीत मिळत न्हाई." लोक परत हसले.

मडिवाळप्पा वळला, आनि वळताना हातातला पाइप वळला. धार उडाली ती बादलच्या फऱ्यावर. पाइप लगेच खाली केला त्यानं. पन शिवमूर्तीनं असं काही केलं की जनू पानी न्हाई, निखारे पडले. त्यानं बादलला मागं वढलं, गळ्यातलं पांढरं उपरनं काढलं, फऱ्यावर दाबलं, दोनदा पुसलं, आनि ते उपरनं झटक्यात चुरगाळून बगलंत कोंबलं. पांढऱ्या उपरन्याचं एक टोक बाहेर राह्यलं. काळं.

लोक नबाबाकडं बघत व्हते. ते टोक फक्त मडिवाळप्पानं बघितलं.

दोघं भाऊ एकमेकाकडं बघत हुभे. पाइप अजून मडिवाळप्पाच्या हातात. पानी चालूच. निस्तं मनगट उचलायचं, की बादलबी भुरा निघंल, का काय निघंल ते निघंल. हसनारे हायतच, मोबाईल हायतच, चन्नबसप्पाबी हायत. फजिती दोघांत वाटून गेली असती. शिवमूर्तीची दोन पोरं मागं हलगी घेऊन हुभी, बाप मानकरी झाला म्हनून खुश.

मडिवाळप्पा एक पाऊल जवळ गेला. बादलच्या पोटावर तळहात ठेवला. पोट थंड, शांत. थरथर न्हाई.

"काय लावलंस?" तो हळूच म्हनला.

शिवमूर्तीनं उपरन्याचं टोक बगलंत आत दाबलं.

"इचारायलोय. पुडी का?"

"काजळी," शिवमूर्ती ओठातल्या ओठात म्हनला. "तव्याची. खोबरेल तेलात."

"जळत न्हाई ना त्याला?"

"न्हाई. मी आधी माझ्या पोटरीला लावून बघितली. दोन दिवस."

मडिवाळप्पानं त्याच्याकडं बघितलं. दरसाली दुसरा नंबर असलेला हा मानूस, हल्याला लावायच्या आधी स्वतःच्या पोटरीला लावून बघतो, आनि आपन व्यंकटीनं सांगूनबी बादली खाली ठेवली. हे त्याला बरगडीतल्या शिंगापरीस जास्ती लागलं.

"मग जा," तो म्हनला. "लोक खोळंबलेत."

त्यानं मारोतीला हात केला. पानी बंद झालं.

शिवमूर्तीनं बादलचं दावं काढलं. पाठ फिरवली. हाळी दिली ती पयल्यांदा निघालीच न्हाई, दुसऱ्यांदा निघाली. बादल त्याच्या मागं बांबूच्या वाटंत गेला, बायका परत जमल्या, आरती झाली, फुलं पडली. हलगी जोरात वाजली.

मडिवाळप्पानं दावं लावलं. मिरवनुकीत नबाबाच्या गळ्यात दावं पयल्यांदाच, त्यानं हुंगून बघितलं. एक एक हल्या म्होरं गेला. डीजेची गाडी गेली. तिच्या मागं शेणाचे पो, तुडवलेली फुलं, चिवड्याचे कागद, आनि ओला नबाब. इथं बघायला कोन हुभं राहत न्हाई. लोक आपापल्या मोबाईलात रंग निघतानाचा व्हिडीओ परत परत लावून बघायले, त्याचे आवाज तेवढे येत व्हते.

पायरीवरनं सुकन्या उतरली. लेकरू ईनबाईकडं दिलेलं. ताट परत पेटवून आनलं व्हतं तिनं.

"म्होरची आरती झाली की," मडिवाळप्पा म्हनला. "इथं काय ववाळतीस."

"माझा हल्या हा हाय. म्होरचा कशाला ववाळू?" ती म्हनली. तिनं नबाबाच्या कपाळाला कुंकू लावलं. पयलं सारं धुऊन गेलं व्हतं. मग बापाच्या बाहीकडं बघितलं, मनगट धरून बाही वर केली. चट्टे बघून तिचं तोंड उतरलं. "अप्पा, येडे हाव का तुमी?"

"हाव."

ईनबाई मागं हुभ्या राहून बघत व्हत्या. मडिवाळप्पाला त्यांच्याकडं बघवंना. त्याच बोलल्या.

"आमच्या घरी म्हस हाय एक. तिलाबी तापानं असंच झालं व्हतं. चार म्हैन्यानं आला रंग आपोआप." मग थोडं थांबून म्हनल्या, "घाई केली तुमी, ईवाई."

"केली," मडिवाळप्पा म्हनला.

केवळाबाई गर्दीतनं वाट काढत आली. तिनं नवऱ्याकडं बघितलंच न्हाई, सरळ नबाबाच्या फऱ्याला हात लावला, पाठीला लावला, वास घेतला. "घरी नेऊन ताकानं धुवा लागंल. आग हाय अजून."

"चल तर."

"मिरवनूक सोडून? शेवटी तर शेवटी. गोलाईला चक्कर घालून मग घरी."

मग ते निघाले. मडिवाळप्पा सवयीनं म्होरं झाला, पाठ करून. दावं मागं ताणलं तसं त्याच्या ध्यानात आलं की आता तसं चालायचं काही कारन न्हाई. तो मागं आला, नबाबाच्या कानाजवळनं चालायला लागला. म्होरं हलगी वाजली की नबाबाचा डावा कान हलायचा. थाप पडली की कान. थाप पडली की कान. आनि पाऊल टाकताना तो मान जराशी डावीकडं कलती करून म्होरं बघायचा, कुनाला तरी हुडकल्यावानी.

मडिवाळप्पा बराच वेळ बघत चालला.

"केवळा," तो म्हनला, "हा दरसाली असाच चालतो?"

"असाच चालतो."

"मान कलती करून?"

"तुमची हाळी ऐकायला," केवळाबाई म्हनली. "मला काय इचारता. साऱ्या लातूरला ठाव हाय."